हरले, पण परत जंगलात गेले नाहीत

(ऐझॉल. सकाळ. डोंगरउतारावरची घरं, खाली धुकं.)

हे ऐझॉल, मिझोरामची राजधानी. डोंगराच्या धारेवर वसलेलं शहर, एका घराचं छत जिथे संपतं तिथे वरच्या घराचा पाया सुरू होतो. रस्ता असा मोकळा दिसतोय कारण आज रविवार आहे. रविवारी इथे सगळं बंद असतं, लोक चर्चला जातात, आणि हे इतकं पक्कं आहे की २०२३ मध्ये विधानसभेची मतमोजणी नेमकी रविवारी, ३ डिसेंबरला आली तेव्हा इथले सगळे पक्ष, चर्च, संघटना एकत्र येऊन निवडणूक आयोगाकडे गेले आणि मिझोरामपुरती मोजणी सोमवारी करून घेतली. बाकी चार राज्यांची रविवारीच झाली.

हे आधी सांगितलं कारण याच शहरावर ५ मार्च १९६६ ला आपल्याच हवाई दलाची तुफानी आणि हंटर विमानं आली होती. गोळीबार झाला, बॉम्ब पडले. आपल्याच देशातल्या शहरावर. आणि ज्यांना हटवायला ती विमानं आली होती, त्या मिझो नॅशनल फ्रंटने म्हणजे एमएनएफने पुढे याच शहरात बसून सरकार चालवलं, निवडणूक जिंकली, हरली, परत जिंकली, परत हरली. हे कसं झालं तेच बघायचंय.

(बांबूचं बन. जवळून, फळं लगडलेली फांदी.)

सुरुवात बांबूपासूनच करावी लागते. हा इथला बांबू, मिझो भाषेत माऊ. साधारण ४८ वर्षांतून एकदा हा एकदम सगळीकडे फुलतो. एक डोंगर नाही, सगळे डोंगर. फुलतो, फळं धरतो आणि मरतो. ही फळं बघा किती मोठी आहेत, एखाद्या पेरूसारखी, आणि ती जमिनीवर पडली की उंदरांना मेजवानी, मग उंदीर वाढतात, इतके वाढतात की फळं संपल्यावर ते शेतात उतरतात आणि एका रात्रीत उभं भात फस्त करतात. याला म्हणतात मौताम. ताम म्हणजे मरण.

१९५८-५९ ला मौताम आला. मिझो लोकांना तो येणार हे माहीत होतं, म्हाताऱ्यांनी आधीचा १९११-१२ चा पाहिलेला होता. तेव्हा हा भाग आसामचा एक जिल्हा होता. इथल्या जिल्हा परिषदेने आधीच आसाम सरकारकडे १५ लाख रुपये मागितले होते, की बाबांनो दुष्काळ येतोय, तयारी करू. वरच्यांना वाटलं बांबू फुलला म्हणून दुष्काळ येतो ही आदिवासींची अंधश्रद्धा आहे. पैसे मिळाले नाहीत. दुष्काळ आला.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढची वीस वर्षं जे रक्त सांडलं त्याच्या मुळाशी आधी भाताचं पोतं आहे, बंदूक नंतर आली. पोरं पाठीवर तांदूळ बांधून गावोगाव चालत जायची, संघटनेचं नाव होतं मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट, फॅमिन म्हणजे दुष्काळ. पुढे होते लालडेंगा, आधी भारतीय लष्करात हवालदार, मग जिल्हा परिषदेत क्लार्क. त्यात १९६० ला आसामने असमिया ही राजभाषा केली, इथे ती कोणी बोलत नाही. २२ ऑक्टोबर १९६१ ला संघटनेच्या नावातला फॅमिन शब्द गेला आणि उरला मिझो नॅशनल फ्रंट. सुरुवातीला त्यांनी निवडणुकासुद्धा लढवल्या, म्हणजे मतपेटी यांना नवीन नव्हती, ती सोडून ते गेले होते.

(जुने कृष्णधवल फोटो.)

१ मार्च १९६६. लालडेंगा आणि आणखी ६० जणांच्या सह्यांनी स्वातंत्र्याची घोषणा. आसाम रायफल्सच्या तळांना वेढा. मग विमानं, मग लष्कर. दिल्लीत तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आपल्याकडे १९६५ च्या युद्धातले यशवंतराव सगळ्यांना माहीत असतात, हा मार्च महिना कोणी सांगत नाही.

१९६७ पासून गावं उचलायला सुरुवात झाली. पाचशेहून जास्त गावं रिकामी करून लोकांना रस्त्याकडेच्या मोठ्या वसाहतींमध्ये आणून ठेवलं, भोवती कुंपण, आत-बाहेर जायला पास. मागे घरं जाळलेली. इथले लोक त्या सगळ्या काळाला एकच शब्द वापरतात, रामबुआई. राम म्हणजे प्रदेश, भूमी. बुआई म्हणजे विस्कटलेली, अशांत.

(एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा. निवेदन नाही. दहा सेकंद.)

लालडेंगा तोवर पूर्व पाकिस्तानात. १९७१ ला बांगलादेश झाला तसा तो आसरा गेला, मग ब्रह्मदेशातलं अराकानचं जंगल, मग पाकिस्तान. १९७२ ला मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. आणि इथून पुढे सुरू होतं ते खरं लांबलचक काम, बोलणी. लोकांना वाटतं शांतता म्हणजे एक दिवस हात मिळवले आणि झालं. १ जुलै १९७६ ला दिल्लीत एक समझोता झाला, तो टिकला नाही. १९८० ला परत बोलणी, १९८२ ला तुटली, लालडेंगा लंडनला गेले. १९८४ ला परत आले आणि इंदिरा गांधींची भेट ठरली ३१ ऑक्टोबरला. त्या दिवशी सकाळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या कोणत्याही देशात तिथेच विषय संपला असता. नाही संपला, राजीव गांधींनी धागा उचलला, सरकारच्या वतीने जी. पार्थसारथी बोलत राहिले, आणि इकडे चर्चचे लोक दोन्ही बाजूंच्या मागे लागून होते, जंगलातल्यांनाही भेटत होते आणि सरकारलाही. चर्चने आधीपासून हिंसेच्या विरोधात भूमिका घेतली होती आणि तरी जंगलातली पोरं त्यांना आपलंच मानत होती, असा मधला माणूस मिळणं हे नशीब आहे, प्रत्येक संघर्षात तो नसतो.

(करारावर सह्या होतानाचा फोटो.)

३० जून १९८६. सह्या तिघांच्या. लालडेंगा, मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा आणि केंद्रीय गृहसचिव राम प्रधान. हे आपल्या महाराष्ट्राचे प्रधान, एकेकाळी यशवंतराव चव्हाणांचेच खाजगी सचिव. त्यांचा तो नोकरीतला शेवटचा दिवस होता, ऑफिस सुटलं की ते रिटायर, आणि करार अजून व्हायचा होता, तर त्यांना काही तासांची मुदतवाढ दिली गेली आणि रात्री सह्या झाल्या.

करारात काय होतं? शस्त्रं खाली. त्रिपुरा आणि मणिपूरच्या बंडखोर गटांशी संबंध तोडायचे. एमएनएफने स्वतःची घटना देशाच्या कायद्यात बसेल अशी बदलायची. बदल्यात पूर्ण राज्य, जंगलातून आलेल्यांचं पुनर्वसन, आणि राज्यघटनेत कलम ३७१ जी, म्हणजे मिझो लोकांच्या धर्म-चालीरीती, रूढीचे कायदे, जमिनीची मालकी यावर संसदेचा कायदा विधानसभेने हो म्हटल्याशिवाय इथे लागू होणार नाही. आपण वेगळा देश मागितला आणि मिळालं राज्य, हे वीस वर्षं जंगलात राहिलेल्या पोरांना सांगायचं काम लालडेंगांचं होतं. ते त्यांनी केलं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट त्या कागदावर नाहीच, ती शेजारच्या दुसऱ्या कागदावर आहे. काँग्रेस आणि एमएनएफमध्ये पक्षापक्षांचा वेगळा समझोता झाला होता, काँग्रेसकडून अर्जुन सिंह. तेव्हा मिझोरामचे मुख्यमंत्री होते लाल थनहावला. निवडून आलेले, बहुमत हातात, कोणी पाडलेलं नाही. त्यांनी खुर्ची सोडली. लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि थनहावला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. ऑगस्ट १९८६. विचार करा, ज्याच्या माणसांवर काल सरकार गोळ्या झाडत होतं त्याच्यासाठी निवडून आलेला माणूस उठून बाजूला बसतो. शांतता हवी असं सगळेच म्हणतात हो, पण स्वतःची खुर्ची देणारा कितीदा बघितलाय आपण?

(शस्त्रं ठेवतानाचे फोटो, मग १९८७ ची गर्दी.)

सहाशेहून जास्त जण जंगलातून बाहेर आले. १६ फेब्रुवारी १९८७ ला मतदान झालं, ४० जागांपैकी २४ एमएनएफच्या लोकांना, १३ काँग्रेसला, ३ पीपल्स कॉन्फरन्सला. चार दिवसांनी, २० फेब्रुवारीला मिझोराम देशाचं २३ वं राज्य झालं.

बहुतेक लोक गोष्ट इथे थांबवतात. हार-तुरे, झेंडे, संपलं. पण जिंकलेल्या बंडखोराने लोकशाही मानली यात काय विशेष? जिंकल्यावर कोणीही मानेल. खरी परीक्षा असते हरल्यावर.

ती लगेच आली. १९८८ मध्ये लालडेंगांचे आमदार फुटले, सरकार गडगडलं, राष्ट्रपती राजवट लागली. जानेवारी १९८९ ला परत निवडणूक. काँग्रेस २३, एमएनएफ १४. थनहावला परत मुख्यमंत्री. आता लालडेंगांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वीस वर्षांची सगळी कमाई दीड-दोन वर्षांत गेली, तीसुद्धा फोडाफोडीत, आपल्याला फसवलं असं म्हणायला पूर्ण जागा होती, आणि जंगलाची वाट माहीत असलेली माणसं अजून तरुण होती. कोणी गेलं नाही. विरोधी बाकावर बसले.

(नकाशा. अंगोला, नेपाळ.)

हे असंच होतं असं नाही. अंगोलात १९९२ ला निवडणूक झाली, जोनास साविंबीच्या युनिटा या बंडखोर संघटनेला पहिल्या फेरीत कमी मतं पडली, त्यांनी निकाल मानला नाही आणि युद्ध परत पेटलं, ते २००२ ला साविंबी मारला जाईपर्यंत चाललं. आपल्या शेजारी नेपाळमध्ये माओवादी २००८ ला सगळ्यात मोठा पक्ष म्हणून आले आणि २०१३ ला तिसऱ्या नंबरवर गेले, ६०१ पैकी ८० जागा, सुरुवातीला मोजणी थांबवा म्हणाले, पण शेवटी संविधान सभेत येऊन बसले. दोन्हीकडे सगळं ठरलं ते हरलेल्या निवडणुकीतच.

(ट्रेझरी स्क्वेअर, लालडेंगांची समाधी. संध्याकाळ, बाजूने गाड्या जातायत.)

लालडेंगा ७ जुलै १९९० ला लंडनमध्ये गेले, कॅन्सरने. समाधी इथे, भर चौकात. पक्ष घेतला झोरामथांगांनी, जंगलात ते लालडेंगांचे सेक्रेटरी होते. १९९८ ला मुख्यमंत्री झाले, दहा वर्षं राहिले, आणि त्यांच्याच काळात, २००६-०७ ला, बांबू परत फुलला. मौतामातून जन्मलेला पक्ष आणि सरकारात असताना मौताम! या वेळी आधीपासून योजना केली होती, तरी शेतीचं नुकसान व्हायचं ते झालंच. २००८ च्या निवडणुकीत एमएनएफला तीन जागा. लोकांनी सरळ घरी बसवलं.

(एकाच स्टेजवर रांगेत बसलेले उमेदवार. समोर खुर्च्यांवर लोक.)

हे दृश्य मला स्वतःला सगळ्यात आवडतं. एका मतदारसंघाचे सगळे उमेदवार एकाच स्टेजवर, प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली. हे सगळं बघतो मिझोराम पीपल्स फोरम, चर्चच्या पुढाकाराने २००६ ला झालेला. पक्षांशी लेखी करार करतात, जेवणावळी बंद, घरोघर प्रचार बंद, बॅनर किती लावायचे तेही ठरलेलं. या स्टेजवर कोणाच्या वडिलांनी जंगलात वर्षं काढली असतील आणि कोणाच्या घरातून सरकारी नोकरी झाली असेल, बसलेत शेजारी-शेजारी, पाण्याची बाटली एकमेकांकडे सरकवतायत.

सगळ्यांना या शांततेत सारखी जागा मिळाली असं नाही. ह्मार लोकांचं वेगळं आंदोलन झालं, १९९४ ला त्यांच्याशी वेगळा करार करावा लागला. १९९७ ला ब्रू समाजाची हजारो माणसं घर सोडून त्रिपुरात गेली आणि कॅम्पमध्ये दोन दशकं राहिली, २०२० च्या करारात त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं.

(३० जून. रेमना नी, शांततेचा दिवस. शाळेची मुलं, ढोल.)

(मग मतमोजणी केंद्र, ४ डिसेंबर २०२३.)

आणि हा तो सोमवार. २०१८ ला २६ जागा घेऊन एमएनएफ परत आला होता, झोरामथांगा तिसऱ्यांदा मुख्यमंत्री. आज झोराम पीपल्स मूव्हमेंट नावाचा नवा पक्ष २७ वर गेलाय, एमएनएफ १० वर, आणि खुद्द झोरामथांगा ऐझॉल पूर्व-१ मधून साधारण दोन हजार मतांनी हरलेत. १९६६ ला जंगलात गेलेला माणूस. बातमी आली तेव्हा बाहेर दुसऱ्या पक्षाची पोरं नाचत होती, पोलीस नुसते उभे होते, दुकानं उघडी होती.

संध्याकाळी त्यांची गाडी राजभवनाच्या चढावर दिसते. राजीनामा द्यायला चाललेत.

(गाडी वळणावर दिसेनाशी होते. खाली शहरातले दिवे.)