एकेचाळीस सेकंद

(दृश्य: सकाळ. स्वयंपाकघराची फरशी. स्टीलच्या भांड्यात डॉग फूड पडल्याचा आवाज. काळा लॅब्रॅडॉर, शेपटी कपाटावर आपटतेय.)

हा ढब्बू. वय ३ वर्षं, वजन ३४ किलो, मुक्काम नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका इमारतीचा चौथा मजला. पुढ्यात त्याची सकाळची न्याहारी आहे. आता घड्याळाकडे लक्ष ठेवा.

झालं. ४१ सेकंद.

भांडं घासायचीही गरज नाही इतकं लख्ख. आणि हा चेहरा बघा, जणू काल दुपारपासून पोटात कण नाही.

मी नऊला घराबाहेर पडते, नवरा साडेनऊला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरी असतात. पण त्यांचे गुडघे आणि ढब्बूचं वजन यांचं जमत नाही. दुपारी खाली पाच मिनिटं फेरी, बस्स. म्हणजे संध्याकाळी साडेसहापर्यंत या गड्याला काडीचं काम नाही. मागच्या पावसाळ्यात त्यानं ते स्वतःच शोधलं. सोफ्याची एक कड, कोल्हापुरीचा एक जोड आणि आईंच्या पोथीचं लाल बासन. पोथी वाचली, बासन गेलं.

"मस्तीखोर आहे हो तुमचा," सगळे म्हणाले. मला वाटतं, मस्ती नव्हती ती. बेकारी होती.

(दृश्य: गंगाघाट, सकाळी सात. दुतोंड्या मारुती. बाजाराची पोती उतरताहेत.)

आता गंगेवर येऊ. नकाशात गोदावरी लिहिलेलं असतं, पण नाशिककर जातो तो गंगेवरच. आज बुधवार, बाजार भरतोय. ही तांबूस कुत्री बघा, एक कान दुमडलेली. तिच्यामागे कॅमेरा घेऊन आम्ही तासभर फिरलो.

तिनं आधी पत्रावळींचा ढीग हुंगला, वरून नाही, कडेकडेनं. एका टोपलीखाली नाक घातलं, हाकललं तशी मुकाट्यानं बाजूला झाली, टोपलीवाली वळताच पुन्हा नाक आत. मग शेवेचा एक पुडा सापडला. तो पुढच्या दोन्ही पंजांनी दाबून धरला आणि दातांच्या टोकानं उलगडला. फाडला नाही, उलगडला. आतला शेवटचा कण जिभेच्या शेंड्यानं टिपून घेतला. मग भजीच्या गाडीसमोर बसली. तिथं तिचं काही चालत नाही हे कळायला तिला तीन मिनिटं लागली.

तासाभरात पोटात गेलं ते मूठभर. पण तो अख्खा तास ती कामावर होती.

तिचं आयुष्य सुखाचं आहे असं मी म्हणत नाहीये. पाठीवर खरूज आहे, रस्त्यावर गाड्या आहेत, पावसाळ्यात याच पायऱ्यांवर पूर चढतो. ढब्बूशी अदलाबदल करायला ती एका पायावर तयार होईल. फक्त एक गोष्ट तिच्याजवळ आहे आणि ढब्बूजवळ नाही. अन्न आणि तोंड यांच्यामधलं अंतर.

(दृश्य: पायऱ्यांवर हुंगत जाणारं नाक, अगदी जवळून.)

हे अंतर प्राण्यांना हवं असतं का? १९६३ साली ग्लेन जेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर एक प्रयोग केला. पिंजऱ्यात खाण्यानं भरलेली वाटी ठेवली, आणि शेजारी एक दांडा. दांडा दाबला की खाण्याची एक गोळी पडणार. वाटीतलं आयतं समोर असतानाही उंदीर दांडा दाबून गोळ्या मिळवत राहिले. या वागण्याला इंग्रजीत काँट्राफ्रीलोडिंग असं जड नाव आहे. आपण 'फुकटचं नको' म्हणू. पुढे कबुतरांपासून माकडांपर्यंत बऱ्याच प्राण्यांत ते दिसलं. मांजर मात्र अपवाद. २०२१ मध्ये पाळीव मांजरांवर असाच प्रयोग झाला आणि त्यांनी सरळ आयतं ताट पसंत केलं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे कळायला प्रयोगाची गरज नव्हती.

कुत्र्यांचं म्हणाल तर माणसासारखंच, ज्याचा त्याचा स्वभाव. आमचा ढब्बू आधी आयतं संपवतो आणि मग मेहनतीच्या खाण्याकडे वळतो. पण वळतो हे नक्की.

मेंदूत शोधण्याची यंत्रणा वेगळीच असते, असं याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञानं मांडलं. मिळाल्याचा आनंद एक आणि मिळेल-मिळेल या हुरूपाचा दुसरा. भांड्यातल्या जेवणात पहिला असतो. दुसऱ्याला तिथं जागाच नाही.

(दृश्य: फोडलेल्या पार्सलमधलं लाल रबरी खेळणं, टेबलावर.)

यावर बाजारात उपाय आहेत, आणि महागही आहेत. हे लाल, तीन फुगे एकावर एक बसवल्यासारखं दिसणारं काँग नावाचं खेळणं कुत्रेवाल्यांच्या घरोघरी असतं. त्याचा जन्म गॅरेजमधला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. मार्कहॅम आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत बसला होता. सस्पेन्शनचा एक रबरी भाग त्यानं फ्रिट्झपुढे टाकला आणि कुत्र्यानं दगडांचा नाद सोडला. सरकत्या झाकणांची, खण उघडायची कोडी पुढे १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये नीना ओट्टोसननं बनवायला घेतली. मी त्यातल्याच घाटाचं एक प्लास्टिकचं कोडं मागवलं. ढब्बूनं पहिल्या दिवशी ते सोडवलं. दुसऱ्या दिवशी खाल्लं.

(दृश्य: स्वयंपाकघर. माळ्यावरून काढलेलं बिडाचं आप्पेपात्र, धूळ पुसली जातेय.)

मग आप्पेपात्र निघालं.

आईंचं जुनं, बिडाचं, सात खळग्यांचं. नॉनस्टिक आल्यापासून माळ्यावर पडलेलं. प्रत्येक खळग्यात आठ-दहा दाणे डॉग फूड टाकायचं आणि वर जुने टेनिस बॉल ठेवायचे. सगळ्या खळग्यांवर बॉल मावत नाहीत, एकमेकांना ढकलतात. म्हणून एकाआड एक. बीड जड असल्याचा मोठा फायदा, ते फरशीवर सरकत नाही. हलक्या ॲल्युमिनियमचं पात्र ढब्बूनं पहिल्याच फटक्यात पालथं घातलं असतं.

आता आवाज नीट ऐका.

(फुरफुर. श्वास आत ओढल्याचे छोटे-छोटे झटके.)

तो बघत नाहीये, वाचतोय. वास घेणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात ५०-६० लाख धरतात. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या पुढे. उघडे खळगे आधी संपले. आता पहिल्या बॉलला नाक लावलंय. ढकलला, बॉल गोल फिरून जागेवरच आला. पंजा मारला, बीड खणखणलं, तो स्वतःच दचकला. थांबला. मान तिरकी. आणि हे... बॉल तोंडात उचलला, शेजारी ठेवला, खळगा चाटला. पुढचा बॉल उचलताना त्याला विचार करावा लागला नाही.

९ मिनिटं. न्याहारी तेवढीच, दाणा जास्त नाही.

आई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आमच्या वेळी कुत्र्याला दूधपोळी टाकली की झालं. आता त्याला परीक्षा द्यायची," म्हणाल्या. आणि लगेच पुढे, "पण बॉल शेजारी ठेवला बघ, फेकला नाही."

(दृश्य: देवळाली कॅम्प. आमराईच्या सावलीत जुनं कौलारू घर. खाटेशेजारी म्हातारा अल्सेशियन.)

सगळ्याच कुत्र्यांना पंजे मारायची ताकद नसते. देवळालीतल्या या निवृत्त हवालदारांचा अल्सेशियन बारा वर्षांचा आहे, मागचे पाय गेल्यात जमा. फाटकापर्यंत गेला तरी दमतो. हवालदारसाहेबांनी त्याच्यासाठी फार काही केलेलं नाही. जुनी गोधडी अंथरतात, तिच्या घड्यांत भाकरीचे तुकडे आणि उकडलेल्या अंड्याचे बारीक कण लपवतात, आणि म्हणतात, "हं बाळा, तपास."

बाजारात याला स्नफल मॅट म्हणतात. गोधडीचं काम तेच.

बाळा बसल्या-बसल्या नाक फिरवतो. पाय चालत नाहीत, नाक अजून पंचविशीत आहे. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी, शार्लोत द्युराँताँ आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी, कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटानं दोन आठवडे वासानं शोधण्याचा सराव केला, दुसऱ्यानं मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. त्यानंतर खाणं असेल की नसेल असा संभ्रम वाटावा अशा जागी भांडं ठेवलं. वास घेणारी कुत्री त्याच्याकडे आधीपेक्षा लवकर धावली. असेल तिथं काहीतरी, असं त्यांना वाटू लागलं होतं. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही.

(दृश्य: दिंडोरीकडचा रस्ता, द्राक्षबागा. मग लासलगावचं मार्केट, कांद्याचे ढीग.)

आता नाशिकबद्दलचीच एक गोष्ट, आणि इथं मला आवाज चढवावासा वाटतो.

एका रविवारी काँगमध्ये काय भरावं याचा विचार चालला होता. दही, उकडलेला लाल भोपळा, भिजवलेलं डॉग फूड. आईंनी मूठ पुढे केली. "बेदाणे घाल की. घरचेच आहेत, पिंपळगावचे."

हात धरला मी त्यांचा.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची किडनी निकामी करू शकतो. किती खाल्ल्यावर, हे ठरलेलं नाही; एखाद्याला घोसानं काही होत नाही, दुसऱ्याला मूठभर भारी पडतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी बोट ठेवलं ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे चिंचगुळाच्या आमटीतला भातही नको. आणि कांदा, लासलगावची आपली शान, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर केलेला, कसाही. लसणाचंही तेच. म्हणजे ज्या दोन पिकांवर आपला जिल्हा उभा आहे, ती दोन्ही आपल्या कुत्र्याला विष. मिसळीच्या रश्श्यात बुडवलेला पावाचा तुकडा प्रेमानं टेबलाखाली सोडणारे हात मी या शहरात फार पाहिलेत.

खाल्लंच तर उलटीची वाट बघत बसायचं नाही. थेट डॉक्टरकडे.

आणखी एक. शेंगदाण्याचं बटर आणताना डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. शुगरफ्री मालात झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असेल तर तोही कुत्र्याला घातक. त्यापेक्षा घरी बिनमिठाचे दाणे भाजून वाटले की काम होतं.

(दृश्य: हातात एक रबरी बॉल. एकच भोक.)

मी आणलेलं पहिलं खेळणं हे होतं. रस्त्यावरच्या गाडीवरून, स्वस्तात. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "दुसरं भोक कुठंय?" एकाच भोकाच्या पोकळ बॉलमध्ये कुत्रा जीभ घालून चाटत राहिला की आत निर्वात होतो, जीभ ओढली जाते, सुजते, अडकते. हवा खेळायला दुसरं भोक लागतंच. बॉल तिथंच कचऱ्यात गेला. बाकी पथ्यं डोक्यानं कळण्यासारखी आहेत. घशात जाईल इतकं लहान नको, दोन कुत्री असतील तर दोन खोल्या, आणि रोजच्या रोज धुणं, नाहीतर मुंग्या तुमच्याआधी पोचतात.

वजनाचं मात्र बोलायला हवं, कारण ढब्बू लॅब्रॅडॉर आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं दिसलं की लॅब्रॅडॉरांपैकी साधारण चौथा हिस्सा पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा हरवून जन्माला येतो, आणि अशांची भूक जास्त असते. तेव्हा कोड्यातलं खाणं दिवसाच्या मापातूनच काढायचं. मी सकाळीच एका डब्यात मोजून ठेवते. तो डबा संपला की दुकान बंद.

(दृश्य: दुपार. दोरीनं गच्च गुंडाळलेला टॉवेल. ढब्बू बाजूला बसलेला.)

एकदा मी अति केलं. टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळला, त्याची गाठ मारली, वर खोका, खोक्यात खोका. ढब्बू दहा मिनिटं झटला. मग अख्खी गाठोडी तोंडात धरून माझ्याकडे आला, पायावर ठेवली आणि वर बघितलं.

बुडापेस्टमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये हेच नोंदवलंय. माणसाळवून वाढवलेल्या लांडग्यांपुढे न सुटणारं कोडं ठेवलं तर ते झटतच राहतात. कुत्रा थोड्या वेळानं मागे वळून माणसाच्या तोंडाकडे बघतो.

मी गाठ सोडून दिली. कोडं सुटणारं असावं, एवढं त्या दिवशी कळलं. आणि हेही, की कोड्यात गुंतवून माणसानं पळ काढायचा नसतो. फिरवायला वेळ नाही म्हणून ही खेळणी शोधत असाल तर पैसे वाचवा. ढब्बूची संध्याकाळची फेरी एक दिवसही चुकवलेली नाही. उलट आता तीत मी घाई करत नाही, त्याला प्रत्येक खांब वाचू देते.

(दृश्य: घर. दुपारचे तीन. बेडरूमचं दार बंद, आतून नखांचा आवाज.)

हे शूट आम्ही ठरवून केलेलं नाही. मी लवकर घरी आले आणि कॅमेरा सुरू केला.

टीव्हीचा आवाज बंद आहे. आई खुर्चीला धरून हळूहळू वाकताहेत. एक दाणा सोफ्याच्या पायाशी. एक पायपुसण्याखाली. दोन गोधडीच्या घडीत. एक, बराच विचार करून, स्वतःच्या चपलेत.

मग जाऊन दार उघडतात.

"ये रे. शोध."