शुक्रवारच्या रात्रीचा पाऊस

मंडळी, एका पोराच्या मरणापासून सुरुवात करतो. बाप मुलाला म्हणतो, 'त्या माडीवर चढ आणि घरट्यातली पिल्लं घेऊन ये.' पोरगा चढतो. घरट्यात आई बसलेली. तिला तो आधी उडवून लावतो, मगच पिल्लं उचलतो. उतरताना पडतो आणि जागीच जातो.

हा प्रसंग तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथात आहे, किद्दुशीन नावाच्या भागात. तोरेतल्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मशास्त्रातल्या, आज्ञा परंपरेने 613 मोजतात. त्यातल्या बहुतेकींपुढे काय मिळेल ते लिहिलेलं नाही. पण आईबापांचा मान राख, आणि पिल्लं घेताना आईला सोडून दे, या दोन आज्ञांपुढे स्पष्ट म्हटलंय की तुझं आयुष्य वाढेल. पोराने दोन्ही आज्ञा एका फेरीत पाळल्या. मग?

रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांची, चर्चा इथे आपल्या पारावरच्या गप्पांसारखी वळणं घेते. एक म्हणतो, असं घडलंच नसेल. उत्तर मिळतं, रब्बी याकोवांनी डोळ्यांनी पाहिलंय. पोराच्या मनात पाप असेल! पण चांगल्या कामाला निघालेल्याला इजा होत नाही, असं आपणच म्हणतो ना? शेवटी कोणीतरी सांगतो, शिडी मोडकी होती. जिथे धोका समोर दिसतोय, तिथे चमत्काराच्या भरवशावर राहू नये. मला ही मोडकी शिडी फार आवडते. इतक्या मोठ्या धर्मचर्चेत सुताराचं काम कुणाला तरी आठवलं.

रब्बी याकोवांचा स्वतःचा निष्कर्ष वेगळा होता. आज्ञेचं फळ या जगात मिळतच नाही. 'आयुष्य वाढेल' म्हणजे जे जग सगळंच दीर्घ आहे, तिथलं आयुष्य. याकोवांचे आजोबा एलिशा बेन अवूया मोठे पंडित, पण त्यांची श्रद्धा उडाली. असंच काही पाहून उडाली, असं तालमूद सांगतो. आणि रब्बी योसेफ म्हणतात, आजोबांनी हे वचन नातवासारखं वाचलं असतं तर ते वाट सोडून गेले नसते. तुमच्यातल्या काहींना इथे गीता आठवली असेल. आठवू द्या, पण प्रश्न तोच नाही. गीतेत फळाची आशा सोडायला सांगितलंय; इथे देवाने स्वतः फळ लिहून दिलंय आणि ते दिसत नाही, ही अडचण आहे.

लिहून दिलंय ते तरी काय? तोरेतल्या लेवीय या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात यादी आहे. वेळेवर पाऊस, मळणी संपते न संपते तोच द्राक्षांचा तोडा, पोटभर भाकरी, देशात शांतता. सगळं शेतकऱ्याचं मागणं. स्वर्गाचं नावही नाही. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे भाष्यकार झाले (आपल्या मेष-वृषभाशी संबंध नाही!). 'वेळेवर पाऊस' म्हणजे कधी? राशी सांगतात, लोक बाहेर पडत नाहीत तेव्हा, म्हणजे शब्बाथच्या, आठवड्याच्या विश्रामदिवसाच्या रात्री. ज्यूंचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, म्हणून ती आपली शुक्रवारची रात्र. तालमुदात तर शिमोन बेन शेताह या जुन्या पंडिताच्या काळाची आठवण आहे: बुधवारच्या (आपल्या मंगळवारी) आणि शब्बाथच्या रात्री पाऊस पडे, गव्हाचा दाणा गुरद्याएवढा, मसूर सोन्याच्या दिनाराएवढी. त्यातले दाणे पुढच्या पिढ्यांना दाखवायला जपून ठेवले होते म्हणे. 'पोटभर भाकरी'चा अर्थही राशी असाच काढतात: थोडंच खाल्लं तरी पोटात त्याला बरकत येईल. गोदाम भरण्याशी त्याचा संबंध नाही.

बाराव्या शतकातल्या रंबमांनी, म्हणजे मायमोनिडीसनी, गाठ वेगळ्या बाजूने सोडवली. पीक, आरोग्य, शांतता हा मोबदला नव्हेच. दुष्काळ, आजार, लढाई असली की माणसाला अभ्यास आणि आज्ञापालन जमत नाही. हे अडथळे देव दूर करतो, इतकंच. खरं फळ पुढच्या जगात. स्वतः कैरोजवळ रुग्ण तपासत थकून जाणाऱ्या वैद्याने हे लिहिलंय, हे विसरू नका.

आणखी एक बारकावा. शमा या ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेच्या पहिल्या परिच्छेदात 'तू' आहे: पूर्ण मनाने प्रेम कर. त्यात पावसाचं आश्वासन नाही. दुसऱ्यात 'तुम्ही' येतं, आणि तिथे पाऊस. ढग एकट्याच्या पुण्याईवर एका बांधापुरता बरसत नाही. नाहमनिडीस हे भाष्यकारही लेवीयतले हे आशीर्वाद समूहाचे मानतात.

हीच शमा कोकणातल्या बेने इस्रायलांनी, म्हणजे तिथल्या ज्यूंनी, पिढ्यान्‌पिढ्या जपली. आता गंमत बघा. इस्रायलात पेरणीचा पाऊस स्वातीच्या सुमारास सुरू होतो, म्हणून ऑक्टोबरच्या आसपास शेमिनी अत्सेरेत या सणाला पावसाचा उल्लेख प्रार्थनेत येतो. तेव्हा अलिबागकडे भात कापणीला आलेलं असतं, आणि पाऊस नकोसा! हा पेच फार जुना आहे. निनवेच्या लोकांनी रब्बी यहूदा हानासींना विचारलं होतं, आम्हांला तमूजमध्येही पाऊस लागतो, तो कसा मागायचा? तमूज म्हणजे साधारण आपला आषाढ. उत्तर आलं: तुम्ही एकेकट्यासारखे, तेव्हा 'प्रार्थना ऐकणारा' या आशीर्वादात, जिथे एकेकटा आपलं मागणं मांडतो, तिथे मागा. अख्खं शहर, पण पावसाच्या हिशेबात एकटं.