सॉल्ट लेक सिटीतली किटली

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळचा चहा झाला का? नसेल झाला तर आधण ठेवा, आणि ठेवता ठेवता ऐका. आजची गोष्ट चहाच्या टेबलाजवळच घडलेली आहे. विषय मात्र चहाचा नाही. विषय आहे संगणकावरच्या ॲनिमेशनचा. आज घराघरांत मुलं जी हलती-बोलती चित्रं बघतात, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांचा.

चित्र हलतं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकामागून एक स्थिर चित्रं भराभर दाखवायची, सेकंदाला चोवीस, की डोळ्याला ती हलताना दिसतात. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली हेच केलं होतं. वाटाणा पेरला, रोपाचं दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण केलं, आणि पडद्यावर बघता बघता वेल वर चढला. पैसे घालणाऱ्यांना पटवायला त्यांनी हा लहानसा चित्रपट केला. मला विचाराल तर शाळेच्या प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग असायला हवा. एक कुंडी, एक वाटाणा आणि रोज एक फोटो, एवढंच तर लागतं. असो.

पण फाळक्यांकडे खरा वाटाणा होता. संगणकाकडे काय असतं? आकडे. फक्त आकडे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आरंभी यात हात घालणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची होती. अमेरिकेत जॉन व्हिटनी नावाचे कलावंत होते. त्यांनी महायुद्धात विमानांवर तोफांचा नेम धरायला वापरलेलं गणनयंत्र मिळवलं आणि त्याच यंत्राला वळणदार नक्ष्या काढायला लावल्या. बेल प्रयोगशाळेत एडवर्ड झॅजॅक यांनी १९६३ च्या सुमारास पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाचा छोटा चित्रपट संगणकाकडून काढून घेतला. कॅनडात बर्टनिक आणि वाइन या जोडीने आणखी वेगळी युक्ती केली. ॲनिमेशनच्या स्टुडिओत मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढतो आणि मधली चित्रं हाताखालची मंडळी भरतात. ही मधली भरती संगणकाकडे दिली तर? त्यातून पीटर फोल्डेस यांचा, भुकेवरचा, १९७४ सालचा लघुपट झाला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

या सगळ्यांवर एकेक भाषण होईल. पण मला तुम्हाला न्यायचंय युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला.

तिथल्या विद्यापीठात डेव्हिड इव्हान्स यांनी संगणकशास्त्राचा विभाग उभा केला. १९६८ साली त्यांनी आयव्हन सदरलंड यांना तिथे आणलं. हे तेच सदरलंड, ज्यांनी १९६३ मध्ये प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर रेघ ओढून दाखवली होती. या दोघांभोवती तरुण पोरं जमली. त्यांच्यापुढे अडचण होती ती मघाचीच. संगणकाला फक्त आकडे कळतात. वस्तू दाखवायची तर तिच्यावरचा एकेक बिंदू किती आडवा, किती उभा, किती खोल, हे आकड्यांत सांगायला हवं. मग हे आकडे आणायचे कुठून?

तर ते आणले घरातून. श्रोतेहो, घरातून.

हेन्री गुरो नावाचा फ्रेंच विद्यार्थी होता. त्याला खडबडीत चौकोनांनी बनलेला पृष्ठभाग गुळगुळीत दिसेल अशी छटा देण्याची रीत सापडली होती. ती दाखवायला त्याला एक चेहरा हवा होता. १९७१ साली त्याने आपल्या बायकोच्या, सिल्व्हीच्या चेहऱ्यावर रेघा आखल्या आणि त्यांवरून आकडे घेतले. पुढच्याच वर्षी सदरलंड यांच्या विद्यार्थ्यांना मोटार हवी होती. सदरलंड यांच्या पत्नी मार्शा यांची फोक्सवॅगन बीटल होती. पोरांनी तिच्यावर खुणा केल्या आणि मोजपट्टी घेऊन अख्खी गाडी मोजून काढली. त्याच सुमारास एड कॅटमल या विद्यार्थ्याने स्वतःचाच डावा हात प्लास्टरमध्ये बुडवला. आधी व्हॅसलीन लावायला विसरला. साचा निघाला तेव्हा हाताच्या पाठीवरचे केस उपटून निघाले. मग त्या साच्यातून प्लास्टरचा हात काढला, त्याच्यावर साडेतीनशे त्रिकोण-चौकोन शाईने आखले, आणि पडद्यावर बोटं मिटणारा, वळणारा हात उभा राहिला. १९७६ साली तो हॉलिवूडच्या एका चित्रपटातही झळकला.

बायकोचा चेहरा, बायकोची गाडी, स्वतःचा हात. आणि यानंतर आली ती किटली. मला सांगायची आहे ती हीच गोष्ट.

साल १९७५. मार्टिन न्यूएल हे मूळचे इंग्लंडचे, युटा विद्यापीठात संशोधन करत होते. ते वळणदार पृष्ठभागांच्या मागे लागले होते. ठोकळे काढून कंटाळा आला होता. ठोकळ्याच्या एकेका सपाट बाजूवर प्रकाश जवळपास सारखाच पडतो, त्यातून शिकायला फारसं काही मिळत नाही. त्यांना हवी होती अशी वस्तू, जी फार अवघड नाही आणि फार सोपीही नाही. कुठे फुगीर, कुठे खोलगट, कुठे भोक.

एके दिवशी न्यूएल घरी पत्नी सँड्रा यांच्याबरोबर चहा घेत बसले होते. इंग्रज माणूस, तेव्हा चहा म्हणजे रीतसर चहा. चिनी मातीची पांढरी किटली, कप, बशी, चमचे. किटली मेलिटा या जर्मन कंपनीची होती आणि सॉल्ट लेक सिटीतल्याच एका मोठ्या दुकानातून आणलेली होती. बोलता बोलता न्यूएल यांनी आपली अडचण सांगितली, की काढायला चांगली वस्तू सापडत नाही. आणि सँड्राबाईंनी सुचवलं, मग हा चहाचा संचच काढा की.

समोरच होता! रोज हात लागत होता!

इथे जरा थांबतो. चहाबद्दल माझं मत पक्कं आहे. किटलीत पत्ती भिजवून ठेवायची आणि वरून थंड दूध घालायचं, हा चहा मला कधी पटलेला नाही. चहा उकळायलाच हवा, गवती चहाची पात आणि ठेचलेलं आलं घालून. पण एक कबूल करतो. आपल्या चहाच्या पातेल्यावरून ही गोष्ट घडली नसती. पातेलं म्हणजे सरळ नळकांडं. त्याला ना तोटी, ना दांडी. किटलीच हवी होती.

तर सँड्राबाईंनी सुचवलं, आणि न्यूएल यांनी आलेखाचा कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि समोरची किटली नजरेच्या अंदाजाने कागदावर उतरवली. मोजपट्टी नाही, साचा नाही. नुसती नजर आणि हात. मला या प्रसंगातला हा भाग सगळ्यात प्रिय आहे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध संगणकीय वस्तूचं पहिलं रूप पेन्सिलीचं आहे. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात. माझ्या शाळेतही हेच होत असे आणि अजून कित्येक ठिकाणी होतं. हे चूक आहे, श्रोतेहो. न्यूएल यांचं गणित त्या रेखाटनाशिवाय पुढे सरकलंच नसतं.

रेखाटन घेऊन ते प्रयोगशाळेत गेले आणि टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या संगणकी पडद्यासमोर बसून त्यांनी एकेक बिंदू हाताने संगणकात भरला. आता हे बिंदू कसे, ते सांगतो. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. रांगोळीत आपण ठिपक्यांना जोडत जातो. इथे थोडं निराळं आहे. इथे रेघ सगळ्या ठिपक्यांमधून जात नाही. ठिपके रेघेला आपल्याकडे ओढतात. ठिपका हलवला की रेघ त्याच्या बाजूला वळते. फ्रान्समध्ये पिएर बेझिए यांनी रेनॉ मोटारींच्या वळणदार अंगासाठी ही रीत वापरली होती. न्यूएल यांनी तीच किटलीला लावली. पोटाचे ८ तुकडे, काठाचे ४, झाकणाचे ८, दांडीचे ४, तोटीचे ४. एकूण २८ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला ओढून धरणारे १६ ठिपके. पुन्हा सांगतो, २८ तुकडे आणि प्रत्येकी १६ ठिपके. बस, एवढीच किटली.

एक गंमत सांगतो. या पहिल्या किटलीला बूड नव्हतं. तळ कुणाला दिसणार, म्हणून काढलाच नाही. तो नंतर कुणीतरी बसवला.

आता किटलीच का, हे बघा. हातात धरून बघा हवं तर. पोट फुगीर आहे. तोटी पोटाला जिथे जुळते तिथे पृष्ठभाग एका दिशेला आत वळतो आणि दुसऱ्या दिशेला बाहेर. दांडीतून आरपार भोक आहे, त्यातून मागचं दिसतं. तोटीची सावली पोटावर पडते, म्हणजे वस्तूची सावली तिच्या स्वतःच्याच अंगावर. आणि तिच्यावर नक्षी नसली तरी ती चटकन ओळखू येते. प्रकाश, सावली, चकाकी, प्रतिबिंब, जे तपासायचं ते तिच्यावर तपासता येतं.

न्यूएल यांनी आकडे स्वतःपाशी ठेवले नाहीत. इतरांना दिले. हे मी मुद्दाम सांगतोय, आकडे त्यांनी वाटून टाकले. म्हणून नवीन रीत शोधलेला प्रत्येक जण आधी किटलीवर प्रयोग करू लागला, आणि सगळ्यांची किटली एकच असल्याने कुणाचं काम कुठवर आलं हे लगेच ताडून बघता येऊ लागलं.

त्यांच्याच विभागातले जिम ब्लिन यांनी न्यूएल यांच्याबरोबर १९७६ साली किटलीवर आजूबाजूच्या खोलीचं प्रतिबिंब उमटवून दाखवलं. एकदा प्रात्यक्षिक दाखवताना याच ब्लिन यांनी किटली उंचीत दाबून बसकी केली. आकार असा बदलता येतो, एवढंच दाखवायचं होतं. पण ती बसकी किटली सगळ्यांना इतकी आवडली की तीच जपून ठेवली. जगभर पसरली ती ही बसकी किटली. पुढे ब्लिन नासाच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेत गेले, आणि व्हॉयेजर यान गुरूजवळून, शनीजवळून कसं जाईल याची चलच्चित्रं त्यांनी संगणकावर केली. आज आपल्याला ती दृश्यं सवयीची वाटतात. त्या वेळी लोकांनी तसं काही पाहिलेलं नव्हतं.

युटाच्या बाकीच्या पोरांचं काय झालं, ते थोडक्यात. प्लास्टरमध्ये हात बुडवणारा तो कॅटमल पुढे पिक्सार या ॲनिमेशनपट करणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला आणि १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ आला, संपूर्णपणे संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात एका मुलीच्या खेळातल्या चहापानाच्या दृश्यात ती किटली आहे. चकाकी कशी दाखवायची याची रीत शोधणारा व्हिएतनामचा बुई तुओंग फोंग मात्र १९७५ सालीच गेला, तरुणपणी. त्याच्या नावाची रीत आज या शास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते.

तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदीच्या दशकात ऑफिसात संगणक वापरला असेल, त्यांना पडद्यावर आपोआप पसरत जाणारे ते रंगीत पाइप आठवत असतील. मी लेखापाल होतो तेव्हा. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला तरी मी ते पाइप बघत बसायचो. एके दिवशी पाइपाच्या सांध्यावर लहानशी किटली दिसली आणि लगेच दुसरे पाइप तिच्यावरून गेले. मी शेजारच्याला म्हटलं, अरे, किटली होती! त्याला काही ते पटलं नाही. खूप वर्षांनी ही सगळी हकिकत वाचली, तेव्हा कळलं की ती किटली म्हणजे सँड्राबाईंच्या टेबलावरची.

म्हणून त्यांचं नाव मी प्रत्येक वेळी घेतो. या गोष्टीत न्यूएल यांचं नाव येतं, ब्लिन यांचं येतं, बेझिए यांचं येतं. सँड्रा न्यूएल, मार्शा सदरलंड, सिल्व्ही गुरो, ही नावंही पाठोपाठ यायला हवीत.

ती मूळची किटली आज कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात आहे. चिनी मातीची, पांढरी. संगणकावरच्या किटलीपेक्षा ती एक तृतीयांशाने उंच आहे. आणि तिला बूड आहे.

नमस्कार.