रक्तातलं तांबं वाढलं म्हणजे कॅन्सर का?

मघाशी एक चिठ्ठी आली ती आधीच घेतो, कारण मला जे बोलायचंय ते त्यातच आहे. विचारलंय, रक्तातलं तांबं, झिंक तपासून फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर कळतो का? आज तरी नाही. पण प्रश्न फालतू नाहीये हां. पेशंटचं आणि धडधाकट माणसाचं रक्त तपासून पाहिलेले बरेच अभ्यास आहेत आणि बहुतेकांत तेच दिसतं, कॅन्सरवाल्यांचं तांबं जास्त, झिंक कमी, सेलेनियमही (शरीराला अगदी थोडंसं लागणारं एक खनिज) बरेचदा कमी. मग अडलंय कुठे?

तर मंडळी, रक्तातलं तांबं मोकळं फिरत नसतं, त्यातलं जवळजवळ ९० टक्के सेरुलोप्लाझमिन नावाच्या प्रोटीनमध्ये असतं, ते बनवतं लिव्हर, आणि शरीरात कुठेही सूज आली, इन्फेक्शन झालं की लिव्हर ते जास्त बनवायला लागतं आणि त्याच वेळी रक्तातलं झिंक आत ओढून घेतं. म्हणजे तांबं वर, झिंक खाली हे न्यूमोनियात होतं, संधिवातात होतं आणि टीबीतही होतं. आता आपल्याकडे एक्सरेत डाग दिसला की टीबी का कॅन्सर हाच तर खरा पेच असतो, आणि नेमकं तिथेच हे आकडे काही सांगत नाहीत! गरोदर बाईचं तांबं तर काही आजार नसतानाही वाढतं. शिवाय सुई टोचताना लाल पेशी फुटल्या तरी झिंक उगाच जास्त दिसतं, कारण त्या पेशींत ते भरलेलं असतं.

दुसरं म्हणजे रक्त कधी काढलं. आजार झाल्यावर काढलं तर आजाराने झिंक कमी झालं का झिंक कमी म्हणून आजार झाला, कसं ठरवणार? फिनलंडमध्ये उलटीकडून गेले, निरोगी लोकांचं रक्त आधी साठवून ठेवलं आणि पुढे कोणाला कॅन्सर होतो ते वर्षानुवर्षं बघितलं. तिथल्या मातीतच सेलेनियम कमी, इतकं की १९८० च्या दशकात ते खतात मिसळायला लागले. तर ज्यांचं सेलेनियम कमी होतं त्यांच्यात पुढे फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला. हा पुरावा मला दमदार वाटतो.

मग लगेच सेलेनियमची गोळी घ्यायची का, ही दुसरी चिठ्ठी. १९९६ साली अमेरिकेत एका ट्रायलचा रिझल्ट आला, रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं होतं स्किन कॅन्सर होऊ नये म्हणून, तो काही कमी झाला नाही पण फुफ्फुसाचा कमी दिसला, सगळे खूश. मग ३५ हजारांवर पुरुषांवर मोठी ट्रायल झाली, ती २००८ मध्ये थांबवली. मुख्य प्रश्न प्रोस्टेटचा होता, तिथे फायदा नाही, आणि फुफ्फुसातही फरक नाही.

कॅडमियम या विषारी धातूचं जरा वेगळं, ते स्वतःच कॅन्सर करणाऱ्यांतलं. तंबाखूचं पान ते मातीतून शोषून घेतं, म्हणून ओढणाऱ्यांच्या रक्तात ते कितीतरी जास्त असतं. पण बिडी ओढता का, असं विचारलं तरी जवळपास तेवढंच कळतं आणि तेही फुकट.

आणि वर्षानुवर्षं भरपूर ओढलंय, पन्नाशी उलटलीय, अशांनी छातीच्या डॉक्टरांना लो-डोस सीटीबद्दल, म्हणजे कमी रेडिएशनच्या सीटी स्कॅनबद्दल विचारा. २०११ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये अशाच ५३ हजारांवर लोकांत साध्या एक्सरेच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. जुन्या टीबीचे डाग त्यातही दिसतात, आणि मग पुढच्या तपासण्या मागे लागतात, ते डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.