साधी दिसते ती रिक्सिया

(कासचं पठार, जुलै. ढग जमिनीला टेकलेले. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली.)

कासला लोक येतात ते सप्टेंबरात, फुलांसाठी. तेरडा, सीतेची आसवं, कुंपणापलीकडून काढलेले फोटो, परतीच्या वाटेवर भाजलेलं कणीस. आपण दोन महिने आधी आलोय, आणि आलोय तेही जिला कधी फूल येतच नाही अशा वनस्पतीसाठी. खाली बघा. जांभ्यावर बोटभर मातीचा थर आहे आणि त्यावर नाण्याएवढी एक हिरवी चकती चिकटून बसलीय.

(भिंगातून.)

मधल्या एका बिंदूपासून चपट्या पट्ट्या निघाल्यात. प्रत्येक पट्टीच्या टोकाला दोन फाटे, त्या फाट्यांना पुन्हा दोन-दोन. पट्टीवर मधोमध एक खाच. खोड नाही, पान नाही, मूळही नाही. खालच्या अंगाला केसांसारखे धागे आहेत, माती धरायला तेवढे पुरतात. ही रिक्सिया. मराठी पुस्तकांत हिच्या गटाला यकृतका म्हणतात, कॉलेजात सगळे लिव्हरवर्टच म्हणतात, आणि गुरं घेऊन आलेल्या मामांना विचाराल तर ते म्हणतील, शेवाळ, दुसरं काय! मामांना हसायचं कारण नाही. वनस्पतींचं वर्गीकरण मांडणाऱ्या लिनियसनंही १७५३ साली यांना शैवलांच्याच खान्यात टाकलं होतं.

(ब्लेडनं कापलेली पट्टी, सूक्ष्मदर्शकाखाली.)

वर हिरव्या पेशींच्या उभ्या रांगा, त्यांच्यामध्ये हवेच्या फटी. खाली रंगहीन पेशी, साठवणीच्या. आणि या दोहोंच्या मध्ये रुतलेला काळा गोळा म्हणजे बीजुकांची, म्हणजे स्पोअरची, पिशवी. तिला देठ नाही. बीजुकं बाहेर फेकायची कसलीही यंत्रणा नाही. पिशवी आईच्या अंगातच वाढते, आई कुजते, आणि बीजुकं तिथल्या तिथे मातीत पडून पुढच्या पावसाची वाट बघतात.

इतका साधा कारभार बघून कुणालाही वाटेल की हीच सगळ्यात जुनी, सगळ्यात आधीची. आपल्या बीएस्सीच्या अभ्यासक्रमाचा क्रमही बरीच वर्षं तसाच राहिला. आधी रिक्सिया, मग मार्कँशिया ही दुसरी यकृतका, मग पुढचे; जिन्याच्या पायऱ्या चढत जावं तसं साध्याकडून गुंतागुंतीकडे. वर्षानुवर्षं मुलांनी रिक्सियाची आकृती पहिल्या पानावर काढली ती यामुळे.

हा जिना उलटा आहे, असं म्हणणारा माणूस लाहोरला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यप. हिमालयात आणि तिबेटात पायी हिंडून त्यांनी यकृतका गोळा केल्या, स्टीफन्सोनिएला आणि एचिसोनिएला या नव्या प्रजाती शोधल्या, आणि पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवरचे त्यांचे दोन खंड १९२९ आणि १९३२ साली आले. त्यांचं म्हणणं असं, की रिक्सियासारखी रूपं मुळात साधी नव्हती. गुंतागुंतीच्या पूर्वजांनी एकेक अवयव टाकत टाकत ती साधी झाली. कश्यप १९३४ साली गेले, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. पुढे जनुकांवरून वंशवृक्ष मांडले गेले, त्यात रिक्सिया बुंध्याशी नाही, आतल्या फांदीवर सापडली. देठ होता, तिनं तो सोडला.

(झाडाचं खोड, शेवाळलेलं. कॅमेरा सालीवर.)

जगात यकृतकांच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्या तीन वर्गांत विभागल्या जातात. रिक्सिया, मार्कँशिया यांचा वर्ग चपट्या पट्ट्यांचा, पुस्तकात फोटो असतो तो याच वर्गाचा. पण संख्येनं हे थोडे. बहुतेक यकृतका दुसऱ्या वर्गातल्या, आणि त्यातल्याही बहुतेक पानवाल्या. म्हणजे आंबोलीत किंवा महाबळेश्वरात ओल्या सालीवर जे हिरवट-तपकिरी जाळं दिसतं आणि आपण मॉस म्हणून सोडून देतो, त्यात कितीतरी यकृतका असतात. ओळखायची खूण सोपी आहे. मॉसच्या पानात बहुधा मधली शीर असते आणि पानं खोडाभोवती सगळ्या बाजूंनी येतात. यांच्या पानांना शीर नाही. दोन रांगा दोन बाजूंना, तिसरी बारीक पानांची रांग असलीच तर पोटाखाली. फ्रुलानिया नावाच्या पानवालीच्या पानाला तर खालून शिरस्त्राणाच्या आकाराची कुपी असते. तिच्यात पाणी साठतं, आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात.

तिसरा वर्ग अगदी छोटा, जेमतेम वीसेक जातींचा. हॅप्लोमिट्रियम, ट्रुबिया ही त्यातली नावं. याच मंडळींच्या शेजारी बरीच वर्षं टाकाकिया नावाची एक वनस्पती बसलेली होती. हिमालयातून आलेल्या तिच्या नमुन्याला १८६१ साली यकृतका म्हणूनच नाव मिळालं. जपानात ती पुन्हा सापडली, १९५८ मध्ये तिची स्वतंत्र प्रजाती झाली, तरी खातं तेच राहिलं, कारण बीजुकांची पिशवी कुणी बघितलीच नव्हती. ती अखेर अलास्कापलीकडच्या अल्युशियन बेटांवर मिळाली, आणि पिशवी निघाली मॉसची! १९९३ मध्ये तसं प्रसिद्ध झालं आणि टाकाकियाचं घर बदललं.

खातं चुकलं की नकाशाही चुकतो. जर्मनीतल्या लायपझिगमध्ये फ्रान्झ स्टेफानी नावाचे एक अभ्यासक होते. जगभरातून त्यांच्याकडे वाळलेले नमुने यायचे. १८९८ पासून पुढच्या पाव शतकात त्यांनी सहा खंडांत हजारो जाती लिहून काढल्या. काम अफाट, पण एकच वनस्पती जावातून आली की एक नाव, आफ्रिकेतून आली की दुसरं. नंतरच्यांना ही नावं एकेक करून मिटवावी लागली. सगळा दोष त्यांना देता येत नाही. यकृतकांच्या पेशींत सुगंधी तेलाचे पडदा असलेले कण असतात, इतर कुठल्याही वनस्पतिगटात असे कण नाहीत. त्यांचा आकार, संख्या, रंग यांवरून जाती नीट ओळखता येतात. पण नमुना वाळला की बहुतेकदा ते कण विरून जातात. लायपझिगच्या टेबलावर तो पुरावा पोचायचाच नाही.

या तेलांची आणखी एक गंमत. न्यूझीलंडच्या रॅड्युला मार्जिनाटा या यकृतकेत गांजातल्या नशेच्या द्रव्याशी मिळतंजुळतं रसायन सापडलंय. ऐकून कुणी सालं खरवडायला निघू नये, ती आपल्याकडे उगवत नाही.

(जगाचा नकाशा.)

मार्कँशिया पॉलिमॉर्फा मात्र जवळपास सगळीकडे आहे. जळालेल्या रानात, नर्सरीच्या कुंड्यांत, विहिरीच्या काठावर. हिच्यात नर वेगळा, मादी वेगळी, तरी पसरायला दोघांची गरज नाही. पट्टीवर इवले चषक असतात, त्यांत हिरव्या मुकुलिका, म्हणजे नवं रोप होऊ शकणारे चिमुकले तुकडे. टपोरा थेंब चषकात पडला की मुकुलिका उडते, मीटरभरसुद्धा जाते, आणि पडेल तिथे रुजते. अर्धचंद्राकार चषकांची लुनुलारिया मूळची भूमध्य समुद्राकाठची. कुंड्यांच्या मातीबरोबर प्रवास करत ती पार न्यूझीलंडपर्यंत गेलीय.

याउलट मोनोक्लिया. जगात तिच्या जाती दोनच. एक न्यूझीलंडमध्ये, दुसरी मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, मध्ये अख्खा पॅसिफिक. अशी फाटलेली वस्ती दिसली की पूर्वी लगेच गोंडवनाचं नाव निघायचं: खंड एकत्र होते, मग दुरावले. पण जनुकांवरून काळ मोजला तेव्हा यकृतकांच्या अनेक गटांत ही ताटातूट खंड दुरावल्यानंतरची निघाली. म्हणजे बीजुकं समुद्र ओलांडून गेली असणार. बारीक बीजुकाला वारा पुरतो.

पानवाल्यांचं राज्य दमट डोंगरांवर. विषुववृत्ताजवळच्या जंगलात लेज्युनिएसी कुळातल्या जाती चक्क जिवंत पानांच्या पृष्ठभागावर वाढतात. कोरड्या-ओल्या ऋतूंच्या प्रदेशात पट्टीवाल्यांची चलती. दक्षिण आफ्रिका आणि भूमध्य समुद्राचा परिसर रिक्सियाच्या जातींनी समृद्ध आहे, आणि चार महिने चिंब, आठ महिने तापलेला आपला जांभ्याचा सडा, म्हणजे कासचं हे पठारही, त्याच पठडीतला. माती सुकायला लागली की कित्येक जातींच्या पट्ट्यांच्या कडा वर वळून मिटतात, खालचे जांभळट खवले वर येतात, आणि हिरवा भाग झाकला जातो. दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिका. तिथे सेफॅलोझिएला व्हेरियन्स ७७ अंश दक्षिणेपर्यंत पोचलीय.

(पुन्हा सूक्ष्मदर्शक. मार्कँशियाचा कोवळा देठ.)

आता कश्यपांच्या म्हणण्याचा एक मोठा पडताळा. झाडांच्या पानांवर रंध्रं असतात, उघडझाप करणारी. मॉसमध्ये आहेत, शृंगकांमध्ये (हॉर्नवर्ट) आहेत, यकृतकांमध्ये एकातही नाहीत. मार्कँशियाला हवेसाठी भोकं आहेत, पण ती कायमची उघडी. त्यामुळे कित्येक वर्षं असं मानलं गेलं की रंध्रं निर्माण व्हायच्या आधीच यकृतका वेगळ्या झाल्या, म्हणून जमिनीवरच्या वनस्पतींत त्या सगळ्यात जुन्या. अलीकडच्या वंशवृक्षांत त्या मॉसच्या सख्ख्या बहिणी ठरतायत. तसं असेल तर पूर्वजांकडे रंध्रं होती आणि यांनी ती गमावली, हेच जास्त पटतं.

२०१७ मध्ये मार्कँशियाचा पूर्ण जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, वाचून झाला. त्याच मार्कँशियात २०२३ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की इतर झाडांत रंध्रं घडवणाऱ्या जनुकांचे भाऊबंद हिच्यात अजून आहेत आणि ते कामावरही आहेत. फक्त काम बदललंय. बीजुकांची पिशवी पिकली की तिला पुढे ढकलणारा जो देठ असतो, तो आता ते घडवतात.