पत्रा सरकतो तेव्हा

[प्रेसचा स्लाइड खाली येतो. मूळ आवाज राहू द्यावा.]

भोसरी एमआयडीसीतलं एक प्रेसशॉप. स्लाइड, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, खाली आला, क्षणभर थांबला, वर गेला. मघाशी जो सपाट पत्रा होता, तो आता मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीचा अर्धा भाग होऊन पंचावर, म्हणजे खालच्या उंच साच्यावर, बसला आहे. कुठे जोड नाही, कुठे चीर नाही. थंड पत्र्याला एका दाबात एवढी खोली येते, ती नुसत्या टनांच्या जोरावर नाही.

[कॉइल उलगडते.]

पत्रा 0.8 मिलिमीटर जाडीचा, डीप ड्रॉ ग्रेडचा, म्हणजे खोल ओढता येईल असा. कार्बन अगदी कमी, म्हणून मऊ. स्ट्रेटनरच्या रोलरमधून तो सरळ होतो आणि ब्लँकिंग डायमध्ये, म्हणजे कापणाऱ्या साच्यात, त्याचे ब्लँक, म्हणजे मापाचे सपाट तुकडे, कापले जातात. इथे पंच आणि डायमध्ये एका बाजूला फट जेमतेम 0.05 मिलिमीटर. धार बोथट झाली की ब्लँकच्या कडेला बर, म्हणजे धारदार खरबरीत कंगोरा, येते, आणि तीच बर पुढच्या डायच्या पॉलिशवर चरे पाडते.

[ब्लँक ठेवला जातो. संथ गतीत.]

आता कडेकडे लक्ष द्या. वरून ओढणारी डाय, म्हणजे पोकळ साचा, येते, ब्लँकची कडा ब्लँकहोल्डरवर, म्हणजे पंचाभोवतीच्या पकडीच्या कड्यावर, चिमटीत धरते आणि ब्लँकहोल्डरला खाली दाबत पत्रा पंचावर ओढते. ब्लँकहोल्डरला खालून कुशनचा, म्हणजे वर रेटणाऱ्या गादीचा, दाब असतो. ही पकड अशी हवी की कडा धरलेलीही राहील आणि आत सरकतही राहील. पकड सैल पडली, तर कडेला चुण्या. जास्त झाली, तर पत्रा सरकायचा थांबतो, नुसता ताणला जातो आणि पंचाच्या कोपऱ्याशी, जिथे तो सगळ्यात पातळ झालेला असतो, तिथे फाटतो. हा तुकडा पाहा. फाटलेल्या जागेची कड बोटाला धारदार लागते, इतकी पातळ.

फाटलं की कुशनचा दाब कमी करायला सगळेच धावतात. ही घाई महागात पडते, कारण दोष पुष्कळदा डायच्या रेडियसवर, म्हणजे तिच्या गोलाकार कडेवर, असतो.

[डायफिटरचे हात. निळा रंग, ऑइल स्टोन.]

हे काम डायफिटरचं, म्हणजे डाय जमवणाऱ्या कारागिराचं. तो डायवर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवतो, पत्रा हलका दाबून बाहेर काढतो आणि पत्र्यावर रंग कुठे उठला, ते बघतो. जिथे गडद, तिथे डाय जास्त लागते आहे. तेवढीच जागा तो स्टोनने घासतो. पुन्हा रंग, पुन्हा दाब. घासायचं पत्रा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने. आडव्या रेघा राहिल्या तर पत्र्याचे कण त्यांत अडकतात, डायला चिकटून बसतात आणि पुढच्या प्रत्येक टाकीवर त्याच जागी ओरखडा उमटतो. टाकीला रंग दिल्यावर तो ओरखडा झाकला जात नाही, उलट चमकतो. नवी डाय जमवताना हे दिवसच्या दिवस चालतं. संगणकावर पत्र्याचा प्रवाह आधी दिसतो, त्याने चुका खूप कमी झाल्या. शेवटचा हात मात्र अजून याच माणसाचा आहे. बाजारात टाकी गाडीच्या नावाने ओळखली जाते, आणि तिचा हा गुळगुळीत उतार ज्याने घासून आणला, त्याचं नाव डायवरही कोरलेलं नसतं.

[सुती हातमोजा टाकीवरून फिरतो.]

तपासणारा डोळ्यांपेक्षा तळव्यावर विसंबतो. सुती हातमोज्यातून हात सहज सरकतो आणि डोळ्यांना न दिसणारा खळगा जाणवतो.

पुढे ट्रिमिंग, म्हणजे जादा कडा कापणं, सीम वेल्डिंग, म्हणजे दोन अर्धे सांधणं, मग पाण्यात बुडवून हवेच्या दाबावर गळतीची चाचणी.

[दोन हातांची बटणं, लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा.]

दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय स्लाइड हलत नाही. जिथे ही सोय नव्हती किंवा बंद करून ठेवली, तिथे कामगारांनी बोटं गमावली आहेत.

[पुढचा ब्लँक. तेल लावणारा ब्रश.]

कडेला तेल सारखं पसरलं. हात बाहेर. स्लाइड खाली येतो.