दोन ओळी आणि ३२,७६८ किल्ल्या

क्रिप्टोग्राफीच्या ओपन सोर्स लायब्ररीचा कंपनीतला फोर्क, म्हणजे आपले बदल केलेली वेगळी प्रत, कसा सांभाळायचा, यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी दोन ओळींपासून सुरुवात करतो.

२००६ सालची गोष्ट. व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं साधन ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीवर सारखं बोट ठेवायचं. मूल्य न भरलेली मेमरी वाचली जातेय, अशी त्याची तक्रार. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमध्ये ती बंद करण्यासाठी दोन ओळी काढल्या गेल्या. दिसायला त्या सारख्याच होत्या. एक काढल्यानं काही बिघडलं नसतं. दुसरी मात्र, ज्या यादृच्छिक संख्यांतून गुप्त किल्ल्या बनतात, त्यांच्या साठ्यात भर घालणारी होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक, आणि तो लिनक्सवर सहसा ३२,७६८ च्या पलीकडे जायचा नाही. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्ल्या निघून निघणार त्या एवढ्याच. कुणीही बसून त्या सगळ्या बनवून ठेवाव्यात!

हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. तोवर उबुंटूसह डेबियनवर उभ्या असलेल्या इतर वितरणांतही तो पॅच, म्हणजे कोडातला तो बदल, पोचला होता. नवं पॅकेज टाकून भागणार नव्हतं, तिथे तयार झालेली प्रत्येक किल्ली बदलणं भाग होतं. डीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीची किल्ली दुसरीकडे बनवून तिथे सहीसाठी नुसती वापरली असली, तरी तीही बाद.

ती माणसं बेफिकीर नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारलं होतं, आणि ओळी काढायला विरोध झाला नव्हता. पण पॅच राहिला डेबियनच्याच घरात. ज्यांनी ते फंक्शन लिहिलं, त्यांच्या नजरेखालून तो पूर्ण बदल, आजूबाजूच्या कोडासकट, गेलाच नाही. घरच्या फोर्कमधला प्रत्येक पॅच असाच एकटा असतो. म्हणून जो मूळ प्रकल्पाकडे पाठवता येईल, तो पाठवाच. नाकारला गेला तरी नाकारण्याचं कारण तुमच्या हाती लागतं, आणि ते फार मोलाचं असतं.

गूगलनंही वर्षानुवर्षं ओपनएसएसएलवर स्वतःचे पॅच चढवले. ते सत्तरच्या पुढे गेले, तेव्हा २०१४ च्या जूनमध्ये त्यांनी दिशाच उलटी केली. नव्या आवृत्तीवर आपले पॅच पुन्हा बसवण्याऐवजी आपला कोड हाच पाया, आणि ओपनएसएसएलमधलं हवं ते तिथून आणायचं. त्यातून बोरिंगएसएसएल झालं. इतरांनी यावर विसंबू नये, असं ते स्वतःच लिहून ठेवतात. त्यांच्याकडे या कामाला वाहिलेली माणसं आहेत. दोन जणांच्या टीमनं त्यांचं अनुकरण करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक अडचण. फोर्क झाला की आवृत्तीच्या क्रमांकाला अर्थ उरत नाही. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी ओपनएसएसएलनं आगाऊ सांगितलं, की १ नोव्हेंबरला अतिगंभीर दोषाची दुरुस्ती येणार. दोष ३.० या आवृत्तीत होता, १.१.१ ला धोका नव्हता. पण ज्यांनी जुन्या फोर्कमध्ये ३.० मधले तुकडे आणून बसवले होते, त्यांनी काय सांगायचं? दोष प्युनिकोड (इतर लिप्यांतली डोमेन नावं इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत) वाचणाऱ्या कोडात निघाला आणि त्याच्या गांभीर्याची पायरीही एकानं खाली आली. तरी ‘आपल्यात तो कोड आहे का?’ याचं उत्तर तासाभरात देता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पॅचसोबत तो का आहे, कुठून आला आणि कधी काढायचा, हे लिहिलेलं हवं.

आमच्या फोर्कमध्ये एका पॅचवर फक्त ‘ग्राहकासाठी’ एवढंच लिहिलेलं होतं. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. दर रिलीजला तिथेच मर्ज, म्हणजे मूळ लायब्ररीतले नवे बदल आपल्यात मिसळणं, अडायचं, आणि दर वेळी आम्ही भीतीपोटी आमचीच बाजू ठेवायचो. शेवटी जुन्या तक्रारी उकरून काढल्या, तेव्हा कळलं की ती अडचण मूळ लायब्ररीत कधीच, आणि आमच्यापेक्षा नीट, सुटली होती. पॅच काढला, सगळ्या चाचण्या चालवल्या, आणि त्या संध्याकाळी मर्ज कुठेही न अडता पार पडलं.